वाळूचा हिशेब कोणी ठेवायचा?

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये ‘चेन्नई बीच’ नावाचे रेल्वे स्थानक आहे. तेथे उतरणाऱ्याला किनारा मात्र दिसत नाही. समोर राजाजी सालै हा रस्ता आणि पलीकडे बंदर. या रस्त्याचे जुने नाव ‘फर्स्ट लाइन बीच’. एके काळी समुद्र येथपर्यंत होता. तो मागे कसा गेला, याचे उत्तर धोरणकर्त्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने १६३९ साली येथे जागा मिळवली, तेव्हा ना खाडी होती, ना नैसर्गिक आसरा. जहाजे खोल पाण्यात नांगर टाकीत आणि माल व माणसे काथ्याने शिवलेल्या ‘मसुला’ होड्यांतून काठावर येत. कोकणात चित्र वेगळे आहे. तेथे बेसाल्टच्या डोंगरसोंडा थेट समुद्रात उतरतात आणि त्यांच्या कुशीत खाड्या व लहान पुळणी तयार होतात. पूर्वेकडे गोदावरी, कृष्णा, कावेरी यांसारख्या नद्या लांबून गाळ आणतात. त्यामुळे किनारा सखल, सरळ आणि वालुकामय होतो.

असा किनारा स्थिर नसतो. नैऋत्य मोसमी काळातील लाटा त्याला तिरक्या भिडतात आणि वाळू उत्तरेकडे सरकवतात. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ती उलट फिरते, पण वर्षाचा निव्वळ प्रवास उत्तरेकडेच होतो. ही जणू किनाऱ्यालगत वाहणारी वाळूची नदीच.

मद्रासच्या बंदरासाठी १८७६ मध्ये लाटारोधक भिंतींचे काम सुरू झाले आणि ही नदी अडली. १८८१ च्या चक्रीवादळाने भिंती उद्ध्वस्त केल्या, तरी त्या पुन्हा उभ्या राहिल्या. दक्षिणेला वाळू साचत गेली. आज ज्या विस्तीर्ण मरीना पुळणीचा शहराला अभिमान वाटतो, तिची रुंदी बरीचशी या अडथळ्याची देणगी आहे. उत्तरेला रोयापुरम ते एन्नोरच्या पट्ट्यात मात्र वाळूचा पुरवठा आटला. तेथे मच्छीमारांच्या वस्त्या लाटांनी गिळल्या आणि आता दगडी बंधारे किनारा धरून आहेत. दक्षिणेच्या पुळणीची किंमत उत्तरेने चुकवली.

सेवेत असताना अशाच एका धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या प्रस्तावावर मीही सही केली होती. दोन गावे वाचली. पुढच्या पावसाळ्यानंतर तिसऱ्या गावाचा अर्ज आला. त्याची धूप आमच्याच बंधाऱ्याने वाढवली असावी, अशी शंका मला तेव्हाच आली होती. फाइलवर मात्र ते ‘नवे प्रकरण’ म्हणून नोंदले गेले. प्रशासनाची हद्द गावाच्या वेशीपाशी संपते. वाळूची संपत नाही.

चेन्नईतीलच राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळाचा अभ्यास केला. त्यानुसार देशाच्या किनाऱ्याचा सुमारे ३४ टक्के भाग धूपग्रस्त आहे आणि सुमारे २७ टक्के भागात भर पडते आहे. धूप आणि भर यांचा असा हिशेब एकत्र मांडला, तरच बंदर, बंधारा आणि नदीवरील धरण यांचे परस्परसंबंध ध्यानात येतात. सागरी किनारा नियमनाची १९९१ पासूनची व्यवस्था भरतीरेषेपासूनचे अंतर मोजते. पण ती रेषाच सरकली, तर त्याला जबाबदार कोण, हा प्रश्न बाजूला राहतो.

महाराष्ट्रासाठी हा प्रश्न दूरचा नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजूर केलेल्या वाढवण बंदरासाठी १,४४८ हेक्टर समुद्रक्षेत्रात भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटारोधक भिंत नियोजित आहे. डहाणूचा किनारा मद्रासचा नव्हे. म्हणून परिणामही तेच होतील, असे म्हणता येणार नाही. बंदरे हवीतच. परंतु किनारारेषेचे दरवर्षी मोजमाप, त्याची जाहीर नोंद आणि अडलेली वाळू पलीकडे पोहोचवण्याचा खर्च, या तिन्ही गोष्टी बंदराच्या मूळ अंदाजपत्रकातच असायला हव्यात. विशाखापट्टणमला उपसलेली वाळू उत्तरेच्या पुळणीवर टाकण्याची पद्धत आहे. मार्ग अज्ञात नाही.

मरीनावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांना उत्तरेचा किनारा दिसत नाही. शासनाला तो दिसायला हवा.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)