वाऱ्याला पुरून उरलेलं मॉरिशस

फेब्रुवारी 1960मध्ये कॅरोल चक्रीवादळाने मॉरिशस झोडपून काढलं. लाकूड-पत्र्याची, गवताने शाकारलेली हजारो घरं जमीनदोस्त झाली. त्यानंतर तिथे सपाट स्लॅबची काँक्रीटची घरं उभी राहू लागली, आणि वादळातली जीवितहानी पुष्कळ घटली.

याचं श्रेय इशाऱ्यांच्या पद्धतीलाही आहे. इशारे चार श्रेणींचे. ताशी 120 किलोमीटरचे झोत येण्याच्या 36 ते 48 तास आधी पहिला. तिसरा मात्र शक्यतो दिवसाउजेडाचे सहा तास हाताशी राहतील अशा बेताने. उजेडाची ही अट मला फार मोलाची वाटते. खिडक्या पक्क्या करणं, पाणी भरून ठेवणं, म्हाताऱ्यांना हलवणं अंधारात कसं व्हायचं?

पावसापुढे मात्र हे बेट अजून हतबल आहे. 30 मार्च 2013 रोजी राजधानी पोर्ट लुईत लोंढा आला, भुयारी मार्गात आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी घुसलं. शहरात 11 जण दगावले. जानेवारी 2024मध्ये बेलाल वादळात तिथल्याच रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. वाऱ्याला दाद न देणारं काँक्रीट पाणी जिरू देत नाही. गटारं रुंद करणं आणि ओढ्याकाठची बांधकामं रोखणं, याला आता पहिला मान हवा.