बुंध्यावरून शेंड्याचा अंदाज

झाडाची जाडी मोजायला एक टेप पुरते. जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे माणसाच्या छातीच्या उंचीला, ती खोडाभोवती गुंडाळायची, आलेला घेर 3.14 ने भागायचा, की व्यास हाती. झाड उतारावर असेल तर वरच्या अंगाला उभं राहून मोजायचं. उंचीचं काम मात्र कटकटीचं. झाडापासून अंतर मोजून लांब जायचं, शेंड्याचा कोन घ्यायचा; आणि दाट जंगलात नेमका तो शेंडाच दिसत नाही! म्हणून मोजक्या झाडांची उंची प्रत्यक्ष घेतात, त्यावरून व्यास-उंचीचा आलेख काढतात आणि बाकीच्यांची उंची त्यातून काढतात. लाकूड किती, कार्बन किती, हे हिशेब पुढे याच अंदाजावर चालतात.

हा आलेख सरळ रेषेत जात नाही. कोवळं झाड उजेडासाठी वर धावतं. पुढे चढण मंदावते, खोड मात्र भरत राहतं. म्हणून रेषा आधी चढेल आणि मग कमाल उंचीपाशी आडवी होत जाईल, असं समीकरण निवडतात. त्यात 1.37 बहुधा वेगळे मिळवलेले असतात, कारण रोपटं छातीला लागेपर्यंत त्या जागी त्याला व्यासच नसतो.

झाड किडकिडीत राहून वाटेल तेवढं उंच का जात नाही, याचं गणित इंग्रज गणितज्ञ ग्रीनहिल यांनी 1881 मध्ये मांडलं. उदाहरणाला त्यांनी लंडनच्या क्यू उद्यानातला ध्वजस्तंभ घेतला. तो ब्रिटिश कोलंबियातल्या एका झाडाचा होता: उंची 221 फूट, बुडाशी व्यास 21 इंच. एवढ्या बुंध्यावर झाड सुमारे 300 फुटांपलीकडे गेलं तर स्वतःच्याच वजनाने वाकेल, असं उत्तर आलं. 1973 मध्ये थॉमस मॅकमहॉन यांनी अमेरिकेतल्या विक्रमी झाडांच्या नोंदी या गणिताशी ताडल्या. खोड आठपट जाड झालं तर ही मर्यादा चौपटच वाढते, आणि झाडं साधारण तिच्या पाव उंचीवरच थांबलेली. वाऱ्यावादळाचा विचार केला तर एवढी शिल्लक मला तरी जास्त वाटत नाही.

व्यास-उंचीचं समीकरण उचलून कुठेही लावता येत नाही, ही खरी मेख. दाटीतला साग सडपातळ नि उंच, बांधावरचा एकटा साग ठेंगणा नि जाडजूड. माडाच्या बाबतीत तर सगळंच मुसळ केरात. त्याच्या खोडात दरवर्षी जाडी वाढवणारा थरच नसतो. बुंधा सुरुवातीलाच भरतो आणि मग झाड नुसतं वर जातं. पंधरा फुटी आणि साठ फुटी माड घेराला सारखे निघू शकतात. तिथे टेप ठेवून द्यावी आणि गळलेल्या झावळ्यांचे वण मोजावेत. चांगल्या माडाला वर्षाला साधारण बारा झावळ्या येतात, त्यावरून निदान वय तरी कळतं.