पेढी आणि प्रयोगशाळा

व्यापारी वस्तूची पारख करतो. संशोधक तिच्या गुणदोषांचे कारण शोधतो. दोघांची विद्या एकाच वस्तूविषयीची असूनही त्यांची गाठ क्वचितच पडते. आज आपल्या घरांतील शिकलेली मुले गादीवर न बसता स्वतःचे नवे उद्योग, म्हणजे ‘स्टार्टअप’, काढू पाहत आहेत. सरकारी संशोधनसंस्थांशी त्यांचा मेळ कसा बसावा, याचा येथे थोडक्यात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या धान्याच्याच व्यवसायातील उदाहरण घेऊ. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. म्हणून बाजरी पोत्याने विकली जाते. पिठाचा पुडा दूरच्या शहरी जाऊ शकत नाही. दळल्याबरोबर दाण्यातील स्निग्धांश मोकळा होतो आणि दाण्यातीलच विकरे त्याचे विघटन करू लागतात, हे या कडवटपणाचे मुख्य कारण. दाण्यास आधी योग्य उष्णता दिल्यास ही क्रिया मंदावते. पण उष्णता किती व किती वेळ द्यावी, म्हणजे चव व सत्त्व टिकेल, हे अदमासाने ठरत नाही. त्यास उपकरणे व जाणकार लागतात. नवख्या तरुणास प्रयोगशाळा उभारणे अशक्य. परंतु हैदराबादची भारतीय भरडधान्य संशोधन संस्था याच विषयाची आहे, आणि तिच्या ‘न्यूट्रिहब’ या केंद्रात नव्या उद्योजकांस साहाय्य मिळते. आपल्या लोंढ्याहून तर धारवाडचे कृषि विद्यापीठ जवळच. ज्या खपली गव्हाची आपण आवडीने खीर करतो, त्याचे ‘डीडीके १०२५’ सारखे सुधारित वाण तेथलेच. नव्या कृषि-उद्योगांस मार्गदर्शन करण्यासाठीही केंद्र सरकारच्या योजनेत या विद्यापीठाची निवड झालेली आहे.

ही कल्पना नवी नव्हे. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० साली सुरू झाली. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या मुलांचे अन्न करण्याची पद्धत तिने शोधली, आणि आणंदच्या ‘अमूल’ने ती उत्पादनात आणली. प्रयोगशाळेतील शोध उद्योगांच्या हाती देण्यासाठी १९५३ साली राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळही स्थापन झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून ‘व्हेंचर सेंटर’ नवोद्योगांस जागा व उपकरणे पुरवीत आहे. परदेशात पाहता, तैवानने १९७३ साली सरकारी औद्योगिक संशोधन संस्था काढली. तिच्यातूनच १९८७ साली टीएसएमसी ही जगप्रसिद्ध कंपनी निघाली.

मग हा मेळ सर्वत्र का बसत नाही? आमच्या मते कारणे तीन. संशोधकाचा हिशेब वर्षांचा, व्यापाऱ्याचा हंगामाचा. दुसरे, परीक्षानळीत मूठभर धान्यावर जे साधते ते शंभर पोत्यांवर साधेलच असे नाही. या मधल्या टप्प्याचा खर्च संस्था करीत नाही आणि बँक त्यास तारण मागते. तिसरे, शोधाचा हक्क कोणाचा, परवाना-शुल्क किती, हे आरंभी लेखी ठरत नाही. तोंडी सौद्यावर आपली बाजारपेठ चालत आली. येथे मात्र वकिलास दाखवून केलेला करारच हवा.

यात वडीलधाऱ्यांचे कर्तव्य काय? माल कोठे किडतो, गिऱ्हाईक काय मागते, हे ज्ञान आपल्यापाशी आहे. ते प्रश्नरूपाने संशोधकापुढे ठेवावे. मधल्या टप्प्यासाठी सभासदांनी मिळून लहानसा निधी उभारावा. त्यातील काही रक्कम बुडेल, हे गृहीतच धरावे. भाव पडल्यावर आपण दुकान बंद करीत नाही. धान्य येथे पिकते, पण पोते फोडून त्याचे मोल वाढविण्याचे काम दूरच्या शहरांत होते, आणि आपली मुलेही त्याच वाटेने जातात. ती येथेच राहावीत असे वाटत असेल, तर पेढीचे दार प्रयोगशाळेकडे उघडावे, अशी सभासद बंधुभगिनींना आमची नम्र विनंती आहे.