पाळीव सशाचा आहार आणि गवताची ॲलर्जी

पाळीव सशाच्या आहाराचा सर्वांत मोठा भाग, साधारणपणे ८० टक्क्यांहून अधिक, वाळलेल्या गवताचा असावा लागतो. हेच गवत घरातील एखाद्या व्यक्तीला शिंका, वाहते नाक, डोळ्यांची खाज किंवा दम्याचा त्रास देऊ शकते. अशा घरांत पुष्कळदा गवत बंद करून सशाला केवळ गाजर, कोबी आणि गोळीखाद्य दिले जाते. माणसाचा त्रास त्यामुळे कमी होतो, परंतु सशाच्या जिवाला धोका निर्माण होतो.

गवताची आवश्यकता

पाळीव ससा हा युरोपीय सशाचा (ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) वंशज होय. भारताच्या रानांत दिसणारा ससा निराळ्या, लेपस या प्रजातीतील आहे. पाळीव सशाचे सर्व २८ दात आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात आठवड्याला सुमारे २ ते ३ मिलिमीटर वाढतात. गवत चावताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासून झिजतात. गोळीखाद्य मात्र चटकन चुरडले जाते. दाढा झिजल्या नाहीत, तर त्यांची टोके जिभेत व गालात रुततात आणि ससा खाणेच सोडतो.

दुसरे कारण आतड्याचे आहे. गवतातील लांब तंतू आतड्याची हालचाल चालू ठेवतात आणि कोरड्या लेंड्यांवाटे बाहेर पडतात. बारीक कण अंधनालात (आंधळ्या आतड्यात) जातात, तेथील सूक्ष्मजीव ते आंबवतात आणि त्यातून बनलेल्या मऊ लेंड्या ससा पुन्हा खातो. तंतू कमी पडल्यास आतडे मंदावते व त्यात वायू साठतो. सशाला उलटीही करता येत नाही. दहा-बारा तास काहीही न खाल्लेल्या, लेंड्या न टाकणाऱ्या सशाला तातडीने पशुवैद्याकडे न्यावे लागते.

ॲलर्जीचे नेमके कारण

परागज्वराचे पद्धतशीर वर्णन इंग्रज वैद्य जॉन बोस्टॉक यांनी १८१९ मध्ये स्वतःच्या लक्षणांवरून केले. ताज्या वाळलेल्या गवताच्या वासाने हा विकार होतो, या लोकसमजुतीतून त्याचे ‘हे फीव्हर’ हे इंग्रजी नाव रूढ झाले. यात ताप नसतो आणि वासाचाही दोष नसतो. चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून गवताचे परागकण हे कारण असल्याचे दाखवून दिले.

घरातील गवताच्या गठ्ठ्यातून परागकणांखेरीज बुरशीचे बीजाणू, धूळ आणि सूक्ष्म किडेही हवेत मिसळतात. शिवाय सशाचे केस, लाळ व मूत्र यांतील प्रथिनांचीही ॲलर्जी असू शकते. त्या स्थितीत गवत बदलून काहीच साधत नाही. म्हणून प्रथम त्वचा-चाचणी किंवा रक्तचाचणी करून घेणे श्रेयस्कर असते.

पर्याय

पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मुख्यतः टिमोथी गवत मिळते. त्याऐवजी ऑर्चर्ड गवत वापरावे, असा सल्ला वारंवार दिला जातो. परंतु दोन्ही गवते जवळच्या नात्यातील असल्याने एकाची ॲलर्जी असणाऱ्यास दुसऱ्याचाही त्रास होण्याचा संभव बराच असतो. त्यापेक्षा तुरे कमी असलेले, नंतरच्या कापणीचे, धूळ झाडलेले गवत निवडणे अधिक उपयोगी आहे. लसूणघास हे शेंगावर्गीय पीक असल्याने त्यात गवताचे पराग नसतात, पण त्यातील प्रथिने व कॅल्शियम प्रौढ सशाला नित्य देण्याजोगे नाहीत. भाताचा पेंढा पोषणात कमी पडतो.

ताजे गवत हा सर्वांत चांगला पर्याय होय. महाराष्ट्रात हरळी सहज उपलब्ध होते. पूजेच्या साहित्यात विकल्या जाणाऱ्या दूर्वा म्हणजे हीच हरळी. तुरा येण्यापूर्वी कापलेल्या हिरव्या गवतात पराग नसतात आणि ओलाव्यामुळे धूळही उडत नाही. ते स्वच्छ धुऊन, थोड्या प्रमाणापासून सुरुवात करून, एक-दोन आठवड्यांत वाढवावे. एकदम बदल केल्यास जुलाब होतात. कीटकनाशक फवारलेल्या बागेतील, तसेच यंत्राने कापून ढीग लावलेले गवत देऊ नये. ते लवकर आंबते. कोवळी ज्वारी चारा म्हणून वापरू नये, कारण तिच्यातून सायनाइड निर्माण होते. मेथी, कोथिंबीर यांसारख्या भाज्या पूरक आहेत. गवताची जागा त्या घेत नाहीत.

हाताळणी

वाळलेले गवत वापरणे भाग असेल, तर ते ॲलर्जी नसलेल्या व्यक्तीने बाहेर झटकून द्यावे. इतर कोणी नसल्यास एन-९५ मुखपट्टी व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत आणि नंतर हात-तोंड धुवावे. देण्यापूर्वी गवतावर पाणी शिंपडल्यास धूळ बसते, मात्र ओले गवत त्याच दिवशी संपवावे; कोकणातील पावसाळी हवेत ते फार लवकर बुरसते. साठवण कोरड्या कापडी पिशवीत, झोपण्याच्या खोलीपासून दूर करावी. पिंजरा सज्जात ठेवल्याने घरातील हवा स्वच्छ राहते. तथापि ३० अंश सेल्सिअसच्या आसपासच तापमान सशाला असह्य होऊ लागते, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत ही सोय चालत नाही.

दम्याचे झटके येत असल्यास वैद्यकीय उपचारांनाच प्राधान्य द्यावे लागते. तरीही ससा ठेवणे अशक्य झाले, तर तो माहीतगार कुटुंबाकडे सोपवावा. बागेत किंवा रानात सोडलेला पाळीव ससा कुत्री, मांजरे व उष्मा यांच्यापुढे फार काळ तग धरत नाही.