गेवुर्त्स्ट्रामिनर: आल्सासची सुगंधी पांढरी वाइन

फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, व्होज पर्वत आणि ऱ्हाइन नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात वसलेला आल्सास हा प्रदेश प्रामुख्याने पांढऱ्या वाइनसाठी ओळखला जातो, आणि तेथील वाइनांपैकी केवळ वासावरून चटकन ओळखू येणारी वाइन म्हणजे गेवुर्त्स्ट्रामिनर. पेला नाकाशी नेताच गुलाब आणि लिची यांचा दरवळ येतो, त्यामागून आले, लवंग अशा मसाल्यांची छटा जाणवते. इतक्या सुगंधामुळे ही वाइन गोडच असणार असा समज सहज होतो. प्रत्यक्षात मात्र ती ‘कोरडी’, म्हणजे किण्वनानंतर साखर जवळजवळ शिल्लक न राहिलेली, असू शकते. नाकाला मिळणारे आश्वासन आणि जिभेला येणारा अनुभव यांतली ही तफावत ध्यानात घेतली, तरच या वाइनची खरी गोडी कळते.

लिचीशी असलेले साम्य हा कल्पनेचा खेळ नाही. टर्पीन नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या कुळातील ‘रोज ऑक्साइड’ हे संयुग गुलाबाच्या तेलात, लिचीच्या फळात आणि या द्राक्षातही आढळते, आणि त्याचे अत्यल्प प्रमाणही मानवी नाकाला पुरते. ही द्रव्ये मुख्यतः द्राक्षाच्या सालीत साठतात. त्यांतील काही साखरेच्या रेणूंशी जखडलेली असल्याने कच्च्या रसात गंधहीन राहतात आणि वाइन तयार होताना हळूहळू मोकळी होतात. साल गुलाबी-तांबूस असली, तरी रस लवकर दाबून वेगळा केला जात असल्यामुळे वाइनला सोनेरी पिवळा रंग येतो. सालीतून उतरलेला किंचित कडसरपणा मात्र घोटाच्या शेवटी जिभेवर रेंगाळतो.

हे द्राक्ष ट्रामिनर या जुन्या कुळातले असून, त्या कुळाचे नाव आज इटलीत असलेल्या दक्षिण टिरोलमधील ट्रामिन या गावाशी जोडले जाते. गुलाबी सालीच्या, पण फारसा सुगंध नसलेल्या सावान्यँ रोज या वाणात नैसर्गिक जनुकीय बदल होऊन गेवुर्त्स्ट्रामिनर निर्माण झाले, आणि तो मूळ वाण आल्सासमधल्याच हायलिगेनश्टाइन गावाच्या परिसरात आजही टिकून आहे.

बागाईतदाराची खरी परीक्षा तोडणीच्या वेळी होते. या वाणात मुळातच आम्लता कमी असते आणि साखर झपाट्याने वाढते. त्यामुळे घाईने तोडणी केली तर सुगंध अपुरा राहतो आणि उशीर केला तर मद्यार्काचे प्रमाण १४ टक्क्यांच्याही वर जाऊन वाइन जड, मंद व बेचव होते. आम्लता हाच पांढऱ्या वाइनचा कणा असल्याने, ती पुरेशी शिल्लक राखून सुगंध पूर्ण पिकू देणे हे या वाइनमधले सर्वांत अवघड काम म्हणावे लागेल.

त्या कामी आल्सासचे हवामान मदत करते. सह्याद्रीने अडवलेल्या पावसामुळे माण-खटावचा मुलूख जसा कोरडा राहतो, तसेच पश्चिमेकडून येणारे ढग व्होज पर्वत अडवतो आणि पूर्वेकडील उतारांवर पर्जन्यछायेचा प्रदेश तयार होतो. या भागातले कोल्मार हे फ्रान्समधील सर्वांत कमी पावसाच्या शहरांपैकी एक आहे. लांबलेल्या कोरड्या शरदऋतूत द्राक्षे सावकाश पिकतात, आणि चुनखडीमिश्रित चिकणमातीच्या जमिनीत ती विशेष खुलतात. विंत्झेनहाइमजवळचा हेंग्स्ट हा अशा जमिनीचा नामांकित उतार असून, ‘ग्राँ क्रू’ म्हणजे कायद्याने श्रेष्ठ ठरवलेल्या ५१ जागांमध्ये त्याची गणना होते.

१९८४ पासून दोन गोड प्रकारांनाही कायदेशीर मान्यता आहे. पहिला ‘व्हाँदांज तार्दिव्ह’, म्हणजे उशिरा तोडलेल्या, अतिपक्व द्राक्षांची वाइन. दुसरा ‘सेलेक्सियाँ द ग्रँ नोब्ल’, ज्यासाठी बोट्रायटिस या बुरशीमुळे पाणी आटून रस घट्ट झालेले मणी निवडून घेतले जातात. दुसऱ्या प्रकारात मध आणि सुकवलेल्या जर्दाळूची चव इतकी दाट असते, की लहान पेलाही पुरतो.

आल्सासमध्ये या वाइनची सोबत ठरलेली आहे ती मुन्स्तेर चीजशी. साल खाऱ्या पाण्याने वारंवार पुसून मुरवल्यामुळे या मऊ चीजला फारच उग्र वास येतो. नाजूक वाइन त्यापुढे हरवून जाते, गेवुर्त्स्ट्रामिनर मात्र आपल्या सुगंधाच्या बळावर टिकून राहते. आशियाई मसालेदार जेवणाबरोबर ही वाइन सुचवण्याची प्रथा आहे, पण ती सरसकट पाळणे योग्य नाही, कारण मद्यार्कामुळे मिरचीची जळजळ वाढते आणि कोल्हापुरी रश्श्यासारख्या पदार्थापुढे कोरडी वाइन फक्त कडू लागते. नारळाच्या दुधात शिजवलेली सौम्य कालवणे, आले-लसणाची कोळंबी किंवा वेलची-केशराचा हलका वापर असलेले पदार्थ यांच्याशी तिचे चांगले जमते, आणि किंचित गोडसर वाइन निवडली तर बेताचा तिखटपणाही सुसह्य होतो. वाइन १० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड असावी. त्याहून फार गार केली तर सुगंध दबतो आणि कडसरपणा वर येतो.