दोन फुटी रुळांवरचा अचाट हिशोब

लालबागची चार मजली चाळ १५ मीटर उंच धरा. आता तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी, अशा ५० चाळी रचा. नेरळहून माथेरानला निघालेली गाडी एवढं चढते! साडेसातशे मीटर, तेही अवघ्या २० किलोमीटरमध्ये आणि दोन रुळांत जेमतेम दोन फुटांचं अंतर ठेवून!

अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात ही लाइन बांधली. खर्च १६ लाख रुपये. आजच्या मानानं चिल्लर वाटते ना? तेव्हा ब्रिटिश सोन्याची गिनी १५ रुपयांना पडायची. म्हणजे झाल्या एक लाखाहून जास्त गिन्या. त्यातलं शुद्ध सोनं तोला, ७८० किलो भरतं! किलोमीटरमागे ३९ किलो सोनं!

आता वळणं मोजू. एकूण २२१, म्हणजे दर ९० मीटरला एक. याच हिशोबानं १९२ किलोमीटरचा मुंबई-पुणे लोहमार्ग टाकला, तर वळणं होतील २,१०० हून जास्त. सगळ्यात अवघड वळणाची त्रिज्या फक्त ६० फूट. ते वळण तसंच फिरवून पुरा गोल केला, तरी करी रोडला थांबणाऱ्या लोकलचे दोन डबे त्यात एका रेषेत मावणार नाहीत!

अशा वळणावर सहा जोडलेल्या चाकांचं साधं इंजिन अडलंच असतं. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीनं ७३८ ते ७४१ क्रमांकांची चार इंजिनं वेगळी घडवली. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या आसावर पोकळ आस चढवलेला, आत मधोमध गोल सांधा. चाकं त्या पोकळ आसावर. त्यामुळे इंजिनाचा सांगाडा सरळ राहतो आणि चाकं रुळाबरोबर वळतात, बाजूला सरकतातही.

आणि चढ? सगळ्यात कठीण जागी २० मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. तोच चढ मुंबईपासून पुण्यापर्यंत अखंड चालू ठेवला तर? ९,६०० मीटर! एव्हरेस्ट ८,८४९ मीटरवर संपतं, आपली गाडी मात्र त्याच्याही वर आणखी एक अख्खं माथेरान चढलेली असेल!

नेरळला उतरलात की तिथं जपून ठेवलेल्या ७४१ नंबरच्या इंजिनाची चाकं वाकून जरूर बघा.