तोरणमाळवरून ‘सीक्यू’ द्यायला खर्च किती येतो?

या एपिसोडमध्ये आकडे बरेच आहेत, म्हणून बोलताना घाईत गेलेलं इथे जरा सावकाश लिहितोय. हॅम रेडिओवरच्या एपिसोडनंतर तुमच्याकडून सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, ‘सेट केवढ्याला पडतो?’ सेट एकदा घेतला की दहा-दहा वर्षं चालतो. डोंगरावर मात्र दर वेळी जावं लागतं, आणि दर वेळी पेट्रोल, तिकीट, जेवण, मुक्काम. हौस थांबते ती बहुतेक वेळा इथे. म्हणून आज सेट बाजूला ठेवू आणि प्रवासाचाच हिशेब करू, तोही तोरणमाळचा.

ज्यांनी तो एपिसोड ऐकला नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगतो. हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, हौस म्हणून रेडिओवर बोलणारा माणूस. परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो आणि सोबत स्वतःचा कॉलसाइन मिळतो, आपल्याकडे बहुधा व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होणारा. राजीव गांधी हॅम होते, त्यांचा कॉलसाइन होता व्हीयू२आरजी. ‘सीक्यू’ म्हणजे हवेत मारलेली हाक: आहे का कोणी ऐकायला? मी परवाना काढला तेव्हा फी होती २० वर्षांसाठी १,००० रुपये आणि आजीवन घ्यायचा तर २,०००. आणि एक नियम पक्का लक्षात ठेवा: या रेडिओवरून एक रुपयाही कमवता येत नाही. निरोप पोचवायचे पैसे घेणं, धंद्याचं बोलणं, सगळं बंद. म्हणजे डोंगराचा खर्च परत यायचा रस्ताच नाही. तो खिशातून गेला की गेला.

मग डोंगरावर जायचंच कशाला? हातात मावणारा पाच वॉटचा हँडी सेट ज्या लहरींवर चालतो त्या साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये टेकडी आली, इमारती आल्या, की खेळ संपला. उंचावर गेलं की क्षितिज लांब सरकतं. याचं एक सोपं गणित आहे. आजूबाजूच्या जमिनीपासून तुमची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१२ने गुणा. उत्तर येतं ते रेडिओच्या क्षितिजाचं अंतर, किलोमीटरमध्ये. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आत्ता करून बघा.

तोरणमाळचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटरवर आहे. खाली तापीचं खोरं दीडशे-दोनशे मीटरवर. म्हणजे धरून चला ९५० मीटरचा फरक. वर्गमूळ ३०.८, गुणिले ४.१२, आले १२७ किलोमीटर. तोरणमाळहून नंदुरबार सरळ रेषेत साठेक किलोमीटर आहे आणि धुळे एकशेदहाच्या आसपास. दोन्ही टप्प्यात. नाशिक सव्वादोनशेच्या घरात, ते सहसा हाताला लागत नाही.

आता गंमत बघा. सिंहगड १,३१२ मीटर, पुणं साधारण ५६०वर. फरक ७५० मीटर. क्षितिज ११३ किलोमीटर. म्हणजे पुण्यातल्या मुलाला शहराच्या बसने सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन, गड चढून जे मिळतं, त्याच्यापेक्षा तोरणमाळ फक्त १४ किलोमीटर जास्त देतं! वर्गमूळाचा हा चावटपणा आहे. उंची निम्मी झाली तरी अंतर निम्मं होत नाही, सत्तर टक्के शिल्लक राहतं. त्यामुळे पहिला सल्ला अगदी कंजूष माणसाचा: घराजवळची टेकडी आधी संपवा. धुळेकरांना लळिंग आहे, पुणेकरांना सिंहगड आहे. नुसती उंची विकत घ्यायला सातपुड्यात जाऊ नका, महाग पडेल.

शिवाय क्षितिजाच्या आत माणूसही हवा ना! सिंहगडावरून हाक मारली तर खाली पुण्यात बरेच हॅम आहेत. तोरणमाळवरून हाक मारली तर खाली केळीच्या बागा, ऊस, कापूस, आणि हॅम मोजके. मी धुळ्याहून जातो. मागच्या खेपेला सव्वातीन तास सीक्यू देऊन हँडीवर चार जण मिळाले. त्यातले दोघं माझ्या ओळखीचेच, कारण मीच त्यांना फोन करून सांगून ठेवलं होतं की अमुक वेळेला बसा.

तरीही लोक तोरणमाळला का जातात? एक कारण शांतता, आणि मी रेडिओच्या शांततेबद्दल बोलतोय. शहरात शॉर्टवेव्ह लावली की नुसती खरखर: एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर, लिफ्ट. यशवंत तलावाच्या काठी त्याच सेटवर ती खरखर इतकी कमी होते, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सेट बंद पडलाय असं वाटतं. दुसरं कारण, हॅम लोक पृथ्वीचे चौकोन पाडून नकाशा भरतात आणि कोणत्या चौकोनातून कोणाशी बोललो याची नोंद ठेवतात. तोरणमाळ एमएल७१ या चौकोनात येतं. पुणं एमके६८मध्ये. पुण्याचा चौकोन सगळ्यांच्या वहीत असतो, एमएल७१ बऱ्याच जणांच्या वहीत कोरा असतो. तुम्ही तिथे गेलात की लोक तुम्हाला शोधत येतात.

आणि इथे खर्चाचं पहिलं कुलूप उघडतं. शॉर्टवेव्हवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्‌झच्या बँडवर, लहरी वरच्या आयनांच्या थरावर आदळून परत खाली येतात. त्यासाठी कड्याच्या टोकावर जायची गरज नाही. वीसेक मीटर वायर दोन झाडांमध्ये बांधली की दिवसा जवळपास अख्खा महाराष्ट्र टप्प्यात येतो. म्हणजे कड्यापर्यंत जायला वेगळी जीप नको, गाइड नको. बस थांबते तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर काम होतं.

आता रुपये. शहादा ते तोरणमाळ साधारण ५५ किलोमीटर. बाइक ४५चं अ‍ॅव्हरेज देते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे असं धरू. जाऊन-येऊन अडीच लिटर, म्हणजे २६० रुपये. धुळ्याहून तेच जवळपास ३०० किलोमीटर होतात, ७०० रुपये. घाटात अ‍ॅव्हरेज पडतं, त्याचे वर शंभर ठेवा. पुण्याहून कारने निघालात तर जाऊन-येऊन हजार किलोमीटरच्या जवळ. १६चं अ‍ॅव्हरेज धरलं तरी साडेसहा हजाराचं पेट्रोल, टोल वेगळा. चौघांत वाटलं तर माणशी सोळाशे-सतराशे, एकट्याने गेलात तर डोक्याला हात. त्यात मुक्कामाची रूम दीड हजाराची धरली, जेवणाचे तीन-चारशे धरले, की एकट्या पुणेकराचे नऊ हजार कुठे गेले नाहीत. चार संपर्कांना भागून बघा. एका ‘हॅलो’ला सव्वादोन हजार!

आणि एसटी? साध्या बसचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्याला साधारण १० रुपये आहे. जानेवारी २०२५मध्ये भाडं सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं, त्यानंतरचा हा हिशेब. शहादा ते तोरणमाळ शंभरच्या आत-बाहेर, धुळ्याहून अडीचशेच्या आसपास. मुलींनो, मार्च २०२३पासून तुम्हाला निम्मं तिकीट आहे, म्हणजे या छंदात पहिल्यांदाच मुलांपेक्षा तुमचं स्वस्तात होतंय. लांबून येणार असाल आणि चार दिवस खान्देशात फिरणार असाल तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास बघा, चार आणि सात दिवसांचा मिळतो. तोरणमाळला गाड्या कमी आहेत, म्हणून वेळ शहादा आगारातच विचारायची. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे आधी विचारा. ती चुकली की मुक्कामाचा खर्च अंगावर येतो. महाशिवरात्रीला गोरक्षनाथाच्या यात्रेसाठी जादा गाड्या असतात, पण त्या गर्दीत अँटेना घेऊन चढायची हिंमत मी तरी करणार नाही.

एसटीने जायचं की कारने, हे ठरवते तुमची बॅग. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. बॅटरीचं उदाहरण घ्या. पाच वॉटचा शॉर्टवेव्ह सेट ऐकताना साधारण ०.४ अँपिअर खातो, बोलताना दोनेक अँपिअर. चार तास बसलात, त्यातला पाचवा हिस्सा बोललात, तर लागतात जेमतेम ३ अँपिअर-अवर. तरी नवीन पोरं यूपीएसच्या दोन-दोन बॅटऱ्या उचलून आणतात, एकेक दोन किलोच्या वर. शिसं असलेली ही बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून दोन. त्याऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेटची सहा अँपिअर-अवरची एकच घ्या, किलोभर भरते. आज महाग वाटेल, पण तिच्यामुळे बॅग पाठीवर मावली आणि कारऐवजी एसटी जमली, तर दोन-तीन खेपांत पैसे वसूल. अँटेनाचंही तसंच. जुन्या स्टीलच्या मेजर टेपचे तुकडे आणि पीव्हीसी पाइप घेऊन तीन काड्यांची यागी घरी बनते. टेप दुमडतो, म्हणून ती बसच्या सीटखाली जाते. लोखंडी मास्ट घेऊन निघालात की टपावर कॅरिअर असलेली गाडी बघावी लागते.

एका ठिकाणी मात्र पैसे वाचवू नका, घाटात. तोरणमाळचा रस्ता वळणावळणाचा आहे आणि खाली खोल दऱ्या आहेत. २०२१मध्ये या परिसरातल्या घाटांत प्रवासी जीप दरीत कोसळून माणसं गेली आहेत. ठासून भरलेल्या जीपमध्ये कोंबून बसून वाचलेले पन्नास रुपये, किंवा रूमचे पैसे नकोत म्हणून रात्री धुक्यात उतरणं, ही बचत नव्हे. तसंच विजेचं. मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबरच्या दुपारी ढग गडगडला की वायर खाली आणि गप्पा बंद. पठारावर वर टांगलेली तार म्हणजे विजेला आवतण.

कागदपत्रांचा खर्च शून्य आहे, पण ती नसतील तर पूर्ण खेप वाया जाते. परवान्यावर तुमचा पत्ता असतो. दुसऱ्या जागेवरून बोलायचं तर परवान्यातल्या अटी वाचा आणि लागेल ती सूचना आधी द्या. परवान्याची प्रत जवळ ठेवा. आजूबाजूला वनखात्याची जमीन आहे, मध्य प्रदेशची हद्द जवळ आहे, आणि अनोळखी माणूस झाडाला वायर बांधून हातात वॉकी-टॉकी घेऊन बसलाय म्हटल्यावर कोणीही विचारणारच. तिथल्या पोलिसांना आणि गावात आधी सांगून ठेवलं की चहा मिळतो, नाहीतर चौकशी.

परदेशात याचा रीतसर खेळच आहे. २००२मध्ये ब्रिटनमध्ये ‘समिट्स ऑन द एअर’ सुरू झाला. शिखरावरून किमान चार संपर्क केले की गुण मिळतात, गाडीत बसून बोललेलं चालत नाही, शेवटची चढण स्वतःच्या पायाने करावी लागते, आणि पेट्रोलवरचा जनरेटर चालत नाही. मला हा नियम आवडतो, कारण तो आपोआप बॅग हलकी करायला लावतो.

आता, एवढे पैसे घालवून हाती काय लागतं असं आई-बाबा विचारणारच. डिसेंबर २००४मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचा चमू भारती प्रसाद यांच्याबरोबर अंदमानला गेला होता. गेले होते ते हौसेसाठीच, जगभरातल्या हॅमशी बोलायला. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि पोर्ट ब्लेअरहून निरोप बाहेर जाऊ लागले ते याच सेटवरून. तिकीट काढताना हे कोणाच्या बजेटमध्ये नव्हतं.

आणि तोरणमाळच्या बाबतीत मला खटकते ती गोष्ट वेगळीच. तिथे जाण्याचा खर्च ज्याला सगळ्यात कमी, तो धडगाव तालुक्यातला मुलगा किंवा मुलगी. कितीतरी पाड्यांवर मोबाइलला रेंज नसते, म्हणजे रेडिओची गरजही त्यांनाच जास्त. पण परीक्षा द्यायची तर बहुधा मुंबई किंवा नागपूर गाठावं लागतं. परीक्षेची फी शंभर रुपये. धडगावहून घाट उतरून नंदुरबार, तिथून सुरतमार्गे रेल्वेने मुंबई, एक रात्र कुठेतरी काढायची, परत यायचं, मजुरीचे दोन-तीन दिवस बुडवायचे: शंभराच्या परीक्षेला दोन हजार सहज लागतात. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोड लागत नाही, अभ्यास मोबाइलवर होतो, तो भाग अवघड नाहीच. अडतं ते तिकिटापाशी.

म्हणून तुमच्यापैकी जे पुण्या-मुंबईहून चौघं मिळून कारने तोरणमाळला जायचं ठरवताहेत, त्यांना माझं एक मागणं आहे. कार सोडा, एसटीने जा. माणशी जे काही वाचेल, ते तिथल्या एखाद्या मुलीच्या परीक्षेच्या जाण्या-येण्याला द्या. शहादा, धडगावकडच्या कोणाला परीक्षा द्यायची असेल तर खाली कमेंटमध्ये फक्त गावाचं नाव लिहा, फोन नंबर नको. पुढच्या तारखेला एकाच गाडीने किती जण जाऊ शकतील, ते मी बघतो.